वॉशिंग मशीनच्या नॉबवर ‘वॉर्म’ आहे, पण टबमधलं पाणी नेमकं किती गरम?

डिसेंबरात नाशकात खोबरेल बाटलीतच गोठतं आणि मग अंघोळीआधी बाटली गरम पाण्यात धरावी लागते, हे इथल्या कुणाला सांगायला नको. पण तेच तेल उशीच्या अभ्र्यालाही लागलेलं असतं आणि तिथेही ते गोठूनच बसतं याकडे कुणाचं लक्ष जात नाही. खोबरेल साधारण २४ डिग्रीला वितळतं आणि थंडीच्या सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी धरून चाला १५ डिग्री, मग पावडर कितीही भारी आणा, अभ्र्याचा तो कुबट वास काही जात नाही. यावर उपाय म्हणजे पाणी कोमट करणे, आणि त्यासाठी तर मशीनला नॉब दिलाय ना, हॉट-वॉर्म-कोल्ड लिहिलेला. फक्त जुन्या मशीनमधे त्या नॉबला पाणी किती गरम आहे याचा पत्ताच नसतो.

म्हणजे होतं काय, मागे दोन पाइप लागणारं जे जुनं टॉप लोड असतं त्यात हीटर नसतोच. दोन पाइपांच्या तोंडाशी दोन व्हॉल्व असतात, प्रत्येकावर तारेची कॉइल, करंट गेला की आतला लोखंडी दांडा वर ओढला जातो आणि पाणी सुरू. ‘हॉट’ला एक व्हॉल्व उघडतो, ‘कोल्ड’ला दुसरा, आणि ‘वॉर्म’ला दोन्ही. बास, एवढंच. थर्मामीटर वगैरे काही नाही, दोन नळ सोडायचे आणि जे होईल ते होईल. गिझरचं ६० आणि टाकीचं १५, निम्मं निम्मं मिसळलं तर ३७-३८ येतं, छान कोमट. पण मे महिन्यात टाकी तापून पाणी ३५ झालं की त्याच ‘वॉर्म’चं ४७-४८ होतं, म्हणजे नॉब तिथेच आणि फरक १० डिग्रीचा.

हा झाला कागदावरचा हिशोब, घरात अजून गडबड असते. बाथरूममधला गिझर १५ लिटरचा आणि टॉप लोडला फुल लेव्हलला समजा ५० लिटर पाणी लागतं, त्यातलं निम्मं म्हणजे २५ लिटर गरम हवं, ते येणार कुठून? पहिले १५ लिटर गरम येतं आणि नंतर गिझरमधूनही गारच पाणी यायला लागतं, त्यामुळे टब भरेपर्यंत सगळं मिळून तिशीच्या आतबाहेर. त्यात गिझर लांब असेल तर पाइपात साचलेलं गार पाणी आधी मशीनमधे जातं, अर्ध्या इंची पाइप १२ मीटर असला तरी दीड लिटर होतं ते. त्यामुळे तेलकट कपडे थंडीत फुल लोड करून लावूच नका, लेव्हल लो ठेवा, थोडेच कपडे टाका, तेवढ्याला गिझर पुरतो.

आता अ‍ॅडजस्ट कसं करायचं. टब भरला की झाकण उघडून साधा किचन थर्मामीटर पाण्यात धरा, हाताच्या अंदाजावर जाऊ नका, कारण गारठलेल्या हाताला २५ डिग्रीचं पाणीसुद्धा गरम लागतं. कमी निघालं तर गार पाण्याचा नळ थोडा आवळा, मशीन भरायला वेळ जास्त घेईल पण गरमचा वाटा वाढेल. आणि एकेकाळी नीट चालणारं ‘वॉर्म’ हल्ली गारच येतंय असं असेल तर नॉबला दोष द्यायच्या आधी गरम पाइप जिथे मशीनला जोडतात तिथली बारीक जाळी बघा. नळ बंद करून, प्लग काढून पाइप सोडवायचा, जाळी पकडीने अलगद ओढायची, बऱ्याचदा त्यात गिझरमधून आलेल्या पांढऱ्या खपल्या भरलेल्या असतात.

ज्यांच्याकडे हीटरवालं जुनं फ्रंट लोड आहे त्यांची गोष्ट वेगळी आणि खरं सांगायचं तर जास्त मजेशीर. तिथे टबच्या तळाशी एक धातूची छोटी नळी असते, त्यात द्रव भरलेला, तिथून केसासारखी बारीक नळी नॉबच्या मागे येते. पाणी तापलं की द्रव फुगतो, मागचा पडदा ढकलतो, कॉन्टॅक्ट बदलतो आणि हीटर बंद होतो, यालाच थर्मोस्टॅट म्हणतात. नॉब फिरवला की आपण त्या पडद्यावरच्या स्प्रिंगचा दाब कमी-जास्त करतो, म्हणून ४० की ६० ते ठरतं. बऱ्याच जुन्या मशिनींत पाणी तापेपर्यंत टायमर थांबूनच राहतो, म्हणून थंडीत लोक म्हणतात मशीन अडकलं. अडकलेलं नसतं. १२ लिटर पाणी १५ वरून ६० ला न्यायचं तर २००० वॉटच्या हीटरला जवळपास १९ मिनिटं लागतात आणि ०.६३ युनिट जळतं, ४० वर थांबलात तर साडेदहा मिनिटं आणि ०.३५ युनिट. तेच मे महिन्यात ३२ वरून ४० ला जायला तीन-साडेतीन मिनिटं पुरतात. अर्धा-पाऊण तास होऊनही टायमरचा नॉब हलत नसेल आणि दाराची काच गारच असेल तर मात्र हीटर गेलाय किंवा त्याला करंट जात नाहीये.

हीटर मरतो तो बहुतेक क्षारांनी. गंगापूर धरणाचं पाणी येतं तिथे त्रास कमी, पण बोअरवर असलेल्या सोसायट्यांत हीटरवर पांढरा थर चढतो, कारण पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की कॅल्शियम कार्बोनेट होऊन बाहेर पडतं. थरातून उष्णता नीट जात नाही, हीटर आतल्या आत जास्त तापतो. थर त्या धातूच्या नळीवर पण बसतो, मग थर्मोस्टॅटला पाण्याची खबर उशिरा लागते आणि ६० सांगितलेलं पाणी त्याच्या वर जातं. किराणा दुकानातलं लिंबूसत्व टाकून रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवलं की थर विरघळतो, पण त्या फेरीत ब्लीच चुकूनही नको, क्लोरीन वायू तयार होतो. थर्मोस्टॅटचा बारीक स्क्रू मात्र घरी फिरवू नका, तिथे २३० व्होल्ट असतात आणि ती बारीक नळी एकदा मुडपली की गेलीच.

आता किती डिग्री ठेवायचे? रविवारी मिसळीची तर्री शर्टावर सांडली तर ४०, कारण मिरचीचा लाल रंग तेलात विरघळलेला असतो, तेल सुटल्याशिवाय तो हलत नाही. रक्ताला आधी गार पाणीच, गरमने त्यातलं प्रोटीन शिजून धाग्यात घट्ट बसतं. पावडरमधली डाग तोडणारी एन्झाइम्सही ४० ला मजेत काम करतात, फार तापवली तर तीच मोडतात. कपडे धुवायला एन्झाइम वापरायची आयडिया जर्मनीच्या ओटो रोमची, १९१३ ची, तेव्हा तो ती जनावरांच्या स्वादुपिंडातून काढायचा. चादरी-दुलयांतले धुळीचे किडे मारायचे तर ६० लागतात. आणि रिन्स सरळ गार पाण्याने करा, तिथे गिझर लावण्यात काही अर्थ नाही.