काडीला लावलं, अंगात भिनलं

दसरा-दिवाळीच्या सुमारास नाशिक जिल्ह्यात दिंडोरी किंवा निफाडकडे गेलात तर द्राक्षाच्या बागा बोडक्या दिसतात. छाटणी झालेली असते, वेलीवर पान म्हणून नसतं आणि टोळीतली माणसं हातात स्पंज घेऊन ओळीओळीनं पुढे सरकत असतात. डब्यात स्पंज बुडवायचा, काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे नवी फूट जिथून येते त्या कळ्यांना, पुसायचा, पुढची काडी. याला पेस्टिंग म्हणतात. डब्यात असतं हायड्रोजन सायनामाइड. एका जुन्या ब्रँडवरून बागेत सगळे त्याला डॉर्मेक्सच म्हणतात.

अशाच एका बागेच्या बांधावर चहा घेताना पेठ तालुक्याकडून मजुरीला आलेले एक काका मला म्हणाले, "भाऊ, पेस्टिंगच्या दिवसांत दोन घोट घेतले तरी तोंड भाजल्यासारखं होतं, छातीत धडधडतं. दारूत काही मिसळतात का हो?" बाकीचे हसले. पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि मिसळलेलं जे होतं ते दारूत नव्हतंच.

आधी वेलीकडे पाहू. द्राक्ष मुळात थंडीच्या मुलखातलं. हिवाळ्यात त्याचे डोळे झोपी जातात आणि पुरेशी थंडी मिळाली की जागे होतात. नाशिकची थंडी आपल्याला कडाक्याची वाटते, वेलीला ती पुरत नाही. शिवाय ती येते छाटणी उरकल्यावर. मग चार डोळे आज फुटतात, दोन पंधरा दिवसांनी, काही फुटतच नाहीत. अशा बागेत घडांचं वय एकसारखं राहत नाही आणि व्यापारी तोंड फिरवतो. सायनामाइड ही झोप मोडतं. डोळ्यातल्या पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइड सतत तयार होत असतं आणि कॅटलेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, त्याची विल्हेवाट लावत असतं. सायनामाइड या कॅटलेजला रोखतं. पेरॉक्साइड साठतं, पेशींना ताण बसतो आणि त्या धक्क्यानं डोळा जागा होतो, असं संशोधक मानतात.

हेच रसायन कातडीतूनही आत जातं. घामेजलेले हात, छाटलेल्या काडीच्या टोकावर फाटलेला पातळ मोजा, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलेलं पाणी. यकृतात पोचल्यावर तिथलं कॅटलेज त्याला भेटतं, आणि इथे गोष्ट उलटी फिरते. वेलीच्या डोळ्यात बळी पडलेलं विकर यकृतात सायनामाइडचं रूपांतर अशा पदार्थात करून देतं, जो दुसऱ्याच एका विकराला निकामी करतो. ते विकर म्हणजे अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज. दारू पोटात गेली की यकृत तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, मग या विकराच्या मदतीनं त्याचं निरुपद्रवी ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल. दुसरी पायरीच तुटली तर ॲसिटाल्डिहाइड रक्तात साठत जातं. तोंड आणि मान लालबुंद होते, डोकं ठणकतं, नाडी धावते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा आजार असलेल्या माणसाच्या हे जिवावर बेतू शकतं.

हे काही नवं ज्ञान नाही. कॅल्शियम सायनामाइड या खताच्या कारखान्यांतल्या कामगारांना दारू सोसत नाही, याची नोंद फ्रान्झ कोएल्श या जर्मन औद्योगिक वैद्यानं 1914 मध्येच केली होती. पुढे जपान आणि स्पेनमध्ये सायनामाइड दारू सोडवण्याचं औषध म्हणून दिलं जाऊ लागलं. म्हणजे डॉक्टर जे थेंब मोजून, रुग्णाला सांगून देतात, तेच आपल्या बागेत कोणी न मोजता, न सांगता अंगात जातं.

या विषाची खरी अडचण त्याच्या वेळेत आहे. बागेत असताना हाताची थोडी आग होते, कातडी सोलपटते, बस. बाकीचं घडतं रात्री, घरी, बागेपासून तीस-चाळीस किलोमीटरवर. तिथे बागाईतदार नसतो, डबा नसतो, मुकादमही नसतो. असतो तो प्यायलेला माणूस, आणि प्यायलेल्या माणसाला काही झालं की दोष कुणाचा हे गावानं आधीच ठरवलेलं असतं. म्हणून हा आजार कुठल्या वहीत चढत नाही. न पिणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये: काही टॉनिकांत आणि खोकल्याच्या औषधांत अल्कोहोल असतं, आणि कातडीची व डोळ्यांची इजा तर सगळ्यांनाच होते.

युरोपीय संघानं 2008 मध्ये सायनामाइडला मान्यता नाकारली. ते हाताळणाऱ्यांना होणारा धोका हे त्यामागचं मोठं कारण होतं. नाशिकची द्राक्षं मात्र युरोपात जातात आणि तिथे काही सापडत नाही, कारण पेस्टिंग फळ धरायच्या आधीच होतं. घड तयार होईपर्यंत चार महिने जातात. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट, म्हणजे वेलीची वाढ आवरायला वापरतात ते आपलं लिहोसिन, सापडलं म्हणून युरोपानं आपली द्राक्षं अडवली होती. तेव्हापासून मण्यातल्या उर्वरित अंशाचा हिशोब एका किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत ठेवला जातो. पेस्टिंग करणाऱ्या हाताचा नमुना कुठल्या प्रयोगशाळेत गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात युनियन असते, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असतं, कधीमधी का होईना निरीक्षक येतो. बागेतली टोळी उक्त्या कामावर असते. दर ठरतो एकराला. पण कायदा अगदीच कोरा नाही. कीटकनाशक नियम, 1971 मध्ये अशी रसायनं हाताळणाऱ्यांना संरक्षक कपडे, प्रथमोपचार आणि कामाचं प्रशिक्षण देण्याच्या तरतुदी आहेत, आणि डब्यासोबतच्या माहितीपत्रकात प्रादेशिक भाषाही असावी लागते. तो घडीचा कागद बहुतेक वेळा खोक्यासकट शेडमध्ये पडून राहतो. मुकादमानं किंवा शेतमजूर संघटनेच्या कार्यकर्त्यानं एकराचा दर बोलताना तो कागद मागून घ्यावा आणि कामाला लागण्याआधी टोळीला मोठ्यानं वाचून दाखवावा. कामाच्या आधी आणि नंतर किती काळ दारू वर्ज्य ते त्यात असतं. कोपरापर्यंतचे जाड रबरी किंवा नायट्राइलचे मोजे, चष्मा, लांब बाह्या आणि घरी निघण्याआधी साबणानं अंघोळीची सोय, हेही दरासोबतच ठरवून घ्यावं. ऑपरेशनला वापरतात तसले पातळ मोजे काडीपुढे तासभरही टिकत नाहीत.

आणि डब्यावरच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा. दवाखान्यात "औषध लागलं" एवढंच सांगितलं तर डॉक्टरांच्या डोक्यात पहिल्यांदा फवारणीची कीटकनाशकं येतात आणि उपचार त्या दिशेनं सुरू होतात; नाव वाचलं तर सायनाइड वाटू शकतं. हे सायनाइड नाही, आणि सायनाइडचा उतारा इथे कामाचा नाही. याला नेमका उतारा नाही. रक्तदाब, श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळत शरीराला सावरायला वेळ द्यावा लागतो. त्यामुळे रुग्णानं पेस्टिंग केलंय आणि वर दारू घेतलीय, या दोन्ही गोष्टी लाज न धरता सांगायच्या. गाडीसाठी 108, आणि डॉक्टरांना शंका असेल तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र 1800 116 117 वर चोवीस तास उत्तर देतं.