अंगावरून वारं गेलं

कोकणात कुणाचा हात-पाय एका बाजूने लुळा पडला की आजही 'अंगावरून वारं गेलं' असंच म्हणतात. हे वारं जुनं आहे. चरकसंहितेतल्या वाताच्या ८० विकारांत पक्षवध, म्हणजे पक्षाघात येतो, त्याचंच हे घरगुती नाव. मग मालिश, पारव्याचं मटण, देवळात कौल. ज्याचं कारण वारा, त्याला घाई कशाची?

खरं कारण १६५८ साली स्वित्झर्लंडच्या योहान याकोब वेप्फर या वैद्याने मांडलं. मृतांची डोकी उघडून पाहिल्यावर त्याला मेंदूत साकळलेलं रक्त दिसलं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बुजल्या तरी असा मेंदूचा झटका (स्ट्रोक) येऊ शकतो, हेही त्याने ओळखलं. म्हणजे वाहिनी गुठळीने अडते, नाहीतर फुटते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं आणि उपचार मात्र उलटे. जिवंत माणसात यातलं कुठलं, हे सहज पाहण्याची सोय १९७१ मध्ये लंडनला पहिला सीटी स्कॅन झाला तेव्हा कुठे सुरू झाली. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा फायदा १९९५ मध्ये सिद्ध झाला, पण तीन तासांच्या आत दिलं तर. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली. जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढणं २०१५ पासून रुळलं. निवडक पेशंटमध्ये ते चोवीस तासांपर्यंतही करतात.

छोट्या झटक्याची गोष्ट याहून फसवी. सी. मिलर फिशर या कॅनडाच्या डॉक्टरने १९५१ मध्ये दाखवलं, की मोठ्या झटक्याआधी काहींना क्षणभर एका डोळ्यापुढे अंधारी येते, हात बधिर होतो आणि सगळं पूर्ववत होतं. मानेतली वाहिनी बुजत आल्याची ती सूचना. अशा थोड्या वेळात ओसरणाऱ्या झटक्याला आज टीआयए (ट्रान्झियंट इस्केमिक अटॅक) म्हणतात. पुढच्या ४८ तासांत मोठ्या झटक्याचा धोका सर्वांत जास्त.

आमच्या आजोबांचं २००९ च्या पावसाळ्यात नेमकं असंच झालं. सकाळची पेज खाताना ती ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून गळायला लागली, चमचा पडला, शब्द जड झाले. दहा मिनिटांत सगळं ठीक. "काय नाय गो, वारो लागलो असतलो," म्हणून ते माडाच्या आळ्यात शेणखत घालायला गेलेही. त्यांचं बीपी वाढलेलं, गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या, तंबाखू चालूच. आणि पावसाळ्यात आमच्याकडे ताटात रोज सुका बांगडा नाहीतर खारातली कैरी. मीठ किती पोटात जातं हे कोण मोजतं? मधुमेह आणि हृदयाचे अनियमित ठोके ही झटक्याची आणखी दोन कारणं, ती त्यांना होती की नाही हे कुणी तपासलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते उठले ते उजवी बाजू गेलेल्या अवस्थेतच. रत्नागिरीकरांना अशा वेळी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावं लागतं, आम्हा सावंतवाडीकडच्यांना गोवा जवळ. गाडी मिळाली, रस्ताही बरा होता. तिथल्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "धडधाकट असे शेवटचे कधी पाहिलेत?"

आजी म्हणाली, "राती जेवले तेवा बरे होते."

म्हणजे बारा तास. इंजेक्शनची वेळ टळून गेली होती.