पाझराचा हिशेब: खानदेशातील ओसरत्या नद्यांची पार्श्वभूमी

पाऊस उघडल्यावर नदीची धार किती वेगाने उतरते, हा प्रश्न खानदेशात फड पद्धतीइतकाच, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्याच्या पाण्यावर जमिनीचे गट (फड) सामूहिकपणे भिजवण्याच्या रीतीइतकाच, जुना आहे. पांझरेवर आणि गिरणेच्या वरच्या अंगाच्या उपनद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून चालत आलेल्या मानल्या जाणाऱ्या या व्यवस्थेत बंधाऱ्यामागे फारसा साठा नसे. त्यामुळे कोणत्या फडात ऊस धरायचा आणि कोणता फड कोरडवाहू ठेवायचा, हे भाद्रपद-आश्विनातल्या धारेवरूनच ठरवावे लागे. वरच्या बंधाऱ्याने सगळी धार पाटात वळवली, तरी खाली काही अंतरावर पात्रात पुन्हा पाणी दिसू लागे आणि पुढच्या बंधाऱ्याचे थळ, म्हणजे त्याच्या पाण्याखालचे क्षेत्र, त्यावर भिजे. या पाण्याला शेतकरी पाझर म्हणत आले.

या उतरत्या धारेला गणिताचे रूप दूर फ्रान्समध्ये मिळाले. 1877 मध्ये भूजलाच्या निचऱ्याचे समीकरण मांडले गेले आणि 1905 मध्ये झऱ्यांच्या अभ्यासातून घातांकी उताराचे सूत्र रूढ झाले. त्यानुसार धार रोज ठरावीक प्रमाणात घटते. ही घट रोज 5 टक्के धरली, तर सुमारे चौदा दिवसांत पाणी निम्म्यावर येते. जमीन म्हणजे तळाला एक भोक असलेला हौद, अशी ही कल्पना होती आणि पुढची कित्येक दशके जगभरच्या जलशास्त्राने ती प्रमाण मानली.

आपल्याकडचा गोंधळ मात्र पाझर या शब्दापासूनच सुरू होतो. बोलीत पाझर फुटतो, म्हणजे पाणी जमिनीतून बाहेर येते. 1972 च्या दुष्काळातील कामांनी घरोघरी पोहोचलेल्या ‘पाझर तलाव’ या नावात मात्र पाणी जमिनीत शिरते. एकाच शब्दाने आत जाणे आणि बाहेर येणे ही दोन्ही कामे केली. जे पाणी जमिनीत मुरले म्हणून विहिरींच्या खात्यात जमा झाले, त्यातलेच काही हिवाळ्यात नदीत उतरते आणि तिथे नदीचे पाणी म्हणून पुन्हा मोजले जाते, ही गोष्ट या एका शब्दाआड झाकून गेली.

देशव्यापी भूजल मूल्यमापनात ही दुहेरी मोजणी टाळण्यासाठी 1997 च्या पद्धतीने एक तडजोड केली. पुनर्भरण, म्हणजे भूजलात पडणारी भर, विहिरींच्या पातळीतील चढउतारावरून काढले असेल तर वार्षिक पुनर्भरणाच्या 5 टक्के, आणि पावसाच्या शिरकावाच्या ठरावीक प्रमाणावरून काढले असेल तर 10 टक्के, इतके पाणी नैसर्गिक निचरा म्हणून वजा करायचे ठरले. मोजणीची साधने जेथे नाहीत तेथे काहीतरी आकडा धरावाच लागतो, हे मान्य करायला हवे. तरीही नदीच्या वाट्याचा आकडा नदीकडे न पाहता, पुनर्भरण काढण्याची रीत पाहून ठरवला गेला, हा दोष लहान नाही. त्याच पद्धतीत झिजलेल्या किंवा भेगाळ बेसाल्टची पाणी सोडण्याची क्षमता सुमारे 2 टक्के आणि वाळूमय गाळाची 16 टक्के धरली आहे. म्हणजे पाणीपातळी एक मीटर उतरली, तर एका हेक्टरमागे साक्री तालुक्यातल्या बेसाल्टातून सुमारे 200 घनमीटर पाणी सुटेल आणि तापीकाठच्या वाळूमय गाळातून 1,600. इतक्या वेगळ्या दोन जमिनींचा नदीकडे होणारा निचरा एकाच टक्केवारीने वजा होतो. 2015 च्या सुधारित पद्धतीने क्षेत्रीय अभ्यास उपलब्ध असेल तेथे तो वापरण्याची मुभा दिली. अभ्यास नसेल तेथे 5 आणि 10 कायम राहिले.

दरम्यान शास्त्र पुढे गेले होते. 1977 मध्ये धार किती आहे आणि ती किती वेगाने घटते आहे, यांची आलेखावर ठिपके मांडून थेट तुलना करण्याची रीत आली, त्यामुळे ओसर नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला हे ठरवण्याची अडचण दूर झाली. मग असे दिसू लागले की सर्व पावसांचे ठिपके एकत्र करून काढलेली रेघ आणि प्रत्येक पावसानंतरचा वेगवेगळा उतार एकमेकांशी जुळत नाहीत. 2010 मध्ये यामागे नदीजाळ्याची रचना असल्याचे सुचवले गेले. पाऊस थांबल्यावर जमिनीतला साठा तर आटतोच, शिवाय वाहते जाळेही आखडते. आधी माथ्याकडचे ओहोळ कोरडे पडतात, मग नाले, आणि धार मुख्य पात्राकडे सरकत जाते. कोणत्या टप्प्यावर किती ओहोळ एकाच वेळी तुटतात, यावर उताराचा आकार ठरतो.

खानदेशात हे डोळ्यांनी पाहता येते. धुळे-नंदुरबारकडे बेसाल्टात घुसलेल्या उभ्या काळ्या दगडी भिंती, ज्यांना भूशास्त्रात डाईक म्हणतात, काही ठिकाणी भूजल अडवून पात्रात वर आणतात. अशा ठिकाणी ओहोळ आटला तरी डोह टिकतो. सातपुड्याच्या पायथ्याशी याच्या उलट घडते. डोंगरातून आलेले नाले गोट्यांच्या जाड थरात शिरतात आणि तापीला पोहोचण्याआधीच वाळूत जिरतात. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात विहिरींची जागा खोल कूपनलिकांनी घेतली आणि पाणीपातळी पात्राच्या तळाखाली गेली, तसा तिथला बाहेर येणारा पाझर तुटला. 2014 च्या अखेरीस राज्यभर सुरू झालेल्या जलसंधारण मोहिमेत नाला खोलीकरणाला मोठे स्थान मिळाले, तेव्हा किती पाणी साठले हे मोजले गेले. तळ खाली गेल्यावर काठच्या भूजलाचा निचरा लवकर होतो का, आणि खालच्या बंधाऱ्याची धार किती दिवस आधी तुटते, या मोजणीला त्या हिशेबात रकाना नव्हता.