कोरियातल्या आत्महत्या : फक्त परीक्षेचा ताण?

दक्षिण कोरियात आत्महत्या करतात ती मुख्यतः परीक्षेच्या ताणाखालची मुलं, असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय.

मुलांवरचा ताण खरा आहे. तिथे किशोरवयीनांच्या मृत्यूच्या कारणांत आत्महत्या पहिली येते, त्यामुळे हा समज होणं स्वाभाविकच. पण त्या वयात आजारानं फारसं कुणी जात नाही, म्हणूनही हे कारण यादीत वर दिसतं. धोका ताडायचा तर दर लाख लोकसंख्येमागचं प्रमाण बघावं लागतं. १० ते १९ वयोगटात ते अलीकडच्या वर्षांत ८ च्या आसपास आहे, ऐंशीच्या पुढे ६० च्या आसपास.

म्हाताऱ्यांचं दुःख बातमीत येत नाही, हे मला फार लागतं. राष्ट्रीय पेन्शन १९८८ साली सुरू झाली, शहरातल्या स्वयंरोजगारांपर्यंत पोहोचायला १९९९ उजाडलं. ज्या पिढीनं देश उभा केला, तिच्या अनेकांच्या हाती तुटपुंजी पेन्शन आली. जमापुंजी मुलांच्या शिक्षणात गेलेली. त्यात कमावतं मूल असेल तर सरकारी मदत नाकारली जाई, मग ते मूल विचारो वा न विचारो. ती अट २०२१ मध्ये बरीच सैल झाली. सोलच्या गल्ल्यांत आजही वाकलेल्या आज्या हातगाडीवर पुठ्ठे रचून भंगारवाल्याकडे नेताना दिसतात. गरिबीच्या जोडीला दुखणी, एकटेपण आणि उपचाराविना राहिलेलं नैराश्य असतंच.

पडताळायचं असेल तर कोरियाची सरकारी मृत्युकारण आकडेवारी इंग्रजीतही मिळते. वयोगटाचा तक्ता उघडा आणि एकूण संख्येऐवजी लाखामागचा दर वाचा.