सहकारी आधार (आपत्कालीन सेवा)

अग्निशमन, पोलीस, रुग्णवाहिका अशा सेवांतील माणसांवर कामातून येणारा मानसिक ताण हलका करण्यासाठी त्याच कामातल्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या सहकाऱ्यांनी दिलेली साथ. ‘पिअर सपोर्ट’ हे नावही रूढ आहे. साथ देणारा उपचार करत नाही. तो ऐकतो, उडालेली झोप, वाढलेली दारू, सारख्या दांड्या यांचा अर्थ ओळखतो आणि गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जातो.

घरचे धसका घेतील म्हणून जवान घरी बोलत नाही, आणि ड्युटी बदलेल म्हणून साहेबांपुढेही नाही. त्यामुळे बोललेले कामगिरीच्या गोपनीय अहवालात उतरणार नाही, ही खात्री नसेल तर सारी व्यवस्था कागदावरच राहते.

नाशिकमध्ये अशा ताणाचे प्रसंग थोडे नाहीत. २७ ऑगस्ट २००३ची सिंहस्थातील चेंगराचेंगरी. २१ एप्रिल २०२१ रोजी झाकीर हुसेन रुग्णालयातील ऑक्सिजन टाकीची गळती, जीत किमान २२ रुग्ण दगावले. ८ ऑक्टोबर २०२२च्या पहाटे औरंगाबाद रस्त्यावर पेटलेली खासगी बस. मात्र मन पोखरायला एवढी मोठी घटना लागतेच असे नाही. मदतीसाठी आलेल्या एखाद्या साध्या वर्दीवर (बोलावण्यावर) आपल्या मुलाच्या वयाचे पोर हाती लागले, तरी ते पुरते.

अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये घटनेनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून ती सांगायला लावण्याची पद्धत मांडली. ती जगभर पसरली. पण अशी एकच बैठक पुढचा आघातोत्तर विकार (मोठ्या धक्क्यानंतर जडणारा मानसिक आजार, पीटीएसडी) टाळत नाही, काहींना उलट त्रासच देते, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले. ब्रिटनच्या नौदलातील रॉयल मरीन्स या सैन्यदलातून आलेल्या ‘ट्रिम’ (ट्रॉमा रिस्क मॅनेजमेंट) पद्धतीत प्रशिक्षित सहकारी साधारण ३ दिवसांनी आणि पुन्हा महिन्याने विचारपूस करतो. पहिल्या रात्री चहा, जेवण, झोप आणि घरी एक फोन एवढे झाले तरी खूप.

सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तिच्यावर मराठीत बोलता येते.

नाशिकला गोदावरीच्या पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागले की पूर पाहायला गर्दी लोटते. त्या पाण्यात उतरणाऱ्यांत पट्टीचे पोहणारे स्वयंसेवकही असतात. त्यांची नावे कुठल्याच हजेरीपटावर नसतात. दलापुरती आखलेली कोणतीही योजना त्यांच्यापर्यंत पोचत नाही.