नोंदजोडणी, जनगणनेतील

जनगणनेत एखाद्या व्यक्तीविषयी किंवा गावाविषयी मिळालेली माहिती त्याच व्यक्तीच्या अथवा गावाच्या अन्य नोंदींना जोडून सामाजिक संशोधनासाठी आधारसामग्री तयार करण्याची सांख्यिकीय पद्धती. या अन्य नोंदी जन्म, मृत्यू, विवाह, रुग्णालय किंवा करआकारणीच्या असू शकतात, तसेच आधीच्या जनगणनेतीलही असू शकतात. दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत की नाहीत हे ठरवणे म्हणजे जुळणी आणि ते ठरल्यावर दोन्हींतील मजकूर एकत्र आणणे म्हणजे जोडणी; व्यवहारात मात्र हे शब्द एकमेकांऐवजी वापरले जातात. जनगणना दर दहा वर्षांनी एका क्षणाचे चित्र देते, त्या क्षणाच्या आधी व नंतर त्या माणसाचे काय झाले हे ती सांगत नाही. ही उणीव भरून काढणे हा या पद्धतीचा मुख्य उपयोग होय.

पद्धतीचा आरंभ कोठून मानावा याविषयी एकमत नाही. ‘नोंदजोडणी’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा अमेरिकी जीवनांक (जन्म-मृत्यूंची आकडेवारी) कार्यालयाचे प्रमुख हॅल्बर्ट डन यांनी १९४६ मधील एका लेखात मांडली. प्रत्येक माणसाच्या आयुष्याचे एक पुस्तक असते, त्याचे पहिले पान जन्माचे व शेवटचे मृत्यूचे असते आणि विखुरलेली पाने एका बांधणीत आणणे म्हणजे नोंदजोडणी, असे त्यांचे रूपक होते. त्या लेखात कल्पना आहे, रीत नाही. रीत कॅनडातील आनुवंशिकीविज्ञ हॉवर्ड न्यूकम यांची. किरणोत्सर्गाचे परिणाम पुढील पिढ्यांत शोधण्यासाठी त्यांना कुटुंबांच्या वंशावळी हव्या होत्या, म्हणून त्यांनी ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील विवाह व जन्म यांच्या नोंदी संगणकाने जोडल्या आणि १९५९ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. या रीतीला गणिती पाया १९६९ मध्ये इव्हान फेलेगी व ॲलन संटर यांनी दिला. त्यामुळे नावाचे श्रेय डन यांना व पद्धतीचे न्यूकम यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

पद्धतीच्या या इतिहासात एक भारतीय नाव सहसा वगळले जाते. सी. चंद्रशेखरन व अमेरिकी सांख्यिकीविज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ मध्ये कलकत्त्याजवळील सिंगूर येथील जन्म-मृत्यूंच्या दोन स्वतंत्र याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. दोन्ही याद्यांत आलेल्या आणि एकाच यादीत आलेल्या घटनांच्या संख्यांवरून, दोन्हींतून निसटलेल्या घटना किती असाव्यात याचा अंदाज बांधण्याचे सूत्र त्यांनी दिले. चंद्रशेखरन पुढे मुंबईच्या लोकसंख्याविषयक प्रशिक्षण व संशोधन केंद्राचे संचालक झाले. देवनार येथील आजची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती हीच. त्यांचा हेतू व्यक्तीचा जीवनपट जोडण्याचा नव्हता, हे खरे. पण जुळणी चुकली तर सूत्राचे उत्तरही चुकते, हा नोंदजोडणीतील कळीचा प्रश्न त्यांच्या कामात आधीच उभा राहिला होता. भारताच्या नमुना नोंदणी पद्धतीत (१९६९-७० पासून देशभर) स्थानिक गणकाची वर्षभराची नोंद आणि पर्यवेक्षकाची सहामाही पाहणी यांची जुळणी याच विचाराने केली जाते.

जनगणनेच्या संदर्भात जोडणीची गरज प्रथम व्यावसायिक मृत्युदरांच्या अभ्यासात स्पष्ट झाली. इंग्लंडमध्ये विल्यम फार यांनी १८५१ च्या जनगणनेपासून व्यवसायवार मृत्युदर काढण्याचा प्रघात पाडला. त्यात मृतांची संख्या मृत्युनोंदणीतून आणि त्या व्यवसायातील एकूण माणसे जनगणनेतून घेतली जात. परंतु जनगणनेत व्यवसाय घरचाच माणूस हयात व्यक्तीविषयी सांगतो, तर मृत्यूनंतर तो विधवा पत्नी किंवा मुलगा सांगतो आणि सांगताना गेलेल्याला एखादी पायरी वर चढवण्याकडे कल असतो. अंश एका मापाने व छेद दुसऱ्या मापाने मोजल्यामुळे काही व्यवसायांचा मृत्युदर अकारण फुगतो, काहींचा घटतो. सामाजिक वर्ग आणि आयुर्मान यांच्या संबंधावर शतकभर चाललेल्या वादात हा दोष सतत पुढे केला जात होता.

त्यावरचा उपाय म्हणून इंग्लंड व वेल्समध्ये १९७० च्या दशकात दीर्घकालिक अभ्यास सुरू झाला. १९७१ च्या जनगणनेतून वर्षातील चार विशिष्ट तारखांना जन्मलेल्या सर्व व्यक्ती निवडण्यात आल्या. ३६५ दिवसांपैकी चार म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे एक टक्का, संख्येने पाच लाखांहून अधिक. या तारखा गुप्त ठेवल्या जातात. निवडलेल्या व्यक्ती राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या मध्यवर्ती नोंदवहीत शोधून त्यांच्याशी मृत्यू, कर्करोगाची नोंद, त्यांना झालेली अपत्ये आणि १९८१ पासूनच्या प्रत्येक जनगणनेतील माहिती जोडण्यात आली. त्याच तारखांना नव्याने जन्मलेली मुले व देशात आलेले स्थलांतरित यांची भर पडत असल्याने नमुना जुना होत नाही. येथे व्यवसाय मृत्यूपूर्वीच्या जनगणनेतूनच घेतला जात असल्याने अंश-छेदाचा दोष उरत नाही. आणि तो काढून टाकल्यावरही वर्गावर्गांतील मृत्युदरांची दरी कायम राहिली. १९७१ च्या जनगणनेच्या आठवड्यात काम शोधत असलेल्या पुरुषांमध्ये पुढील दशकात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले आणि सामाजिक वर्गाचा हिशेब केल्यावरही सर्व फरक मिटला नाही. त्यांच्या पत्नींचा मृत्युदरही वाढलेला दिसला, त्यामुळे ‘आजारी होते म्हणून बेकार होते’ हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. स्कॉटलंड (वीस जन्मतारखा) व उत्तर आयर्लंड (एकशेचार जन्मतारखा) येथे असेच अभ्यास नंतर उभे राहिले.

जुळणीच्या दोन रीती आहेत. सर्व नोंदींवर एकच ओळखक्रमांक असेल तर काम सरळ होते. स्वीडनने १९४७ मध्ये व डेन्मार्कने १९६८ मध्ये असा क्रमांक दिला आणि डेन्मार्कने १९८१ मध्ये घरोघर न जाता केवळ नोंदवह्या जोडून संपूर्ण जनगणना केली. तेथे जोडणी हे जनगणनेनंतरचे काम न राहता तीच जनगणना झाली. क्रमांक नसेल तेथे संभाव्यतेवर आधारलेली रीत वापरतात. नाव, लिंग, जन्ममहिना अशा प्रत्येक बाबीसाठी, खऱ्या जोडीत ती जुळण्याची शक्यता आणि दोन परक्या व्यक्तींमध्ये ती योगायोगाने जुळण्याची शक्यता यांचे गुणोत्तर काढून त्याचा लॉगरिदम हे त्या बाबीचे वजन मानतात. खऱ्या जोडीत प्रत्येक बाब ९५ टक्के वेळा जुळते असे धरल्यास लिंग जुळण्याला (योगायोगाने दोनांत एकदा) २ हा पाया धरलेल्या लॉगरिदमने सुमारे ०.९ आणि जन्ममहिना जुळण्याला (बारांत एकदा) सुमारे ३.५ इतके वजन मिळते. न जुळणाऱ्या बाबींचे वजन उणे असते. बेरीज वरच्या मर्यादेपलीकडे गेली तर जोडी स्वीकारतात, खालच्या मर्यादेखाली गेली तर नाकारतात आणि मधल्या जोड्या माणसांनी तपासण्यासाठी ठेवतात. विरळ आडनावाला अधिक वजन द्यावे हे न्यूकम यांचे तत्त्व येथेही लागू होते : ‘पाटील’ जुळल्याने फारसे काही सिद्ध होत नाही.

नावांच्या लेखनातील फरक झाकण्यासाठी अमेरिकेत साउंडेक्स ही ध्वनिसंकेत पद्धती रूढ झाली आणि तेथील जुन्या जनगणनांच्या सूच्या तिच्यावर बेतलेल्या आहेत. ती नावाचे पहिले रोमन अक्षर तसेच ठेवते. त्यामुळे ‘वाघ’ हे आडनाव एका नोंदीत ‘डब्ल्यू’ने व दुसऱ्या नोंदीत ‘व्ही’ने लिहिले गेले असेल तर तिच्या लेखी ती दोन निराळी घराणी ठरतात. महाराष्ट्रातील नोंदींत याहून मोठी अडचण स्त्रियांच्या नावांची आहे, कारण लग्नानंतर आडनाव व मधले नाव बदलतेच, अनेक घरांत पहिले नावही बदलत आले आहे. शून्य व पाच या अंकांवर संपणारी वये सांगण्याची भारतीय जनगणनांत सर्वत्र दिसणारी सवय वयाच्या आधाराने जुळणी करणे आणखी अवघड करते. न जुळलेल्या नोंदी अशा ठरावीक गटांतच साचत असल्याने निष्कर्ष कलतात, आणि हा कल जोडणीच्या एकूण टक्केवारीत दिसत नाही.

व्यक्तींच्या खाजगीपणाचा प्रश्न युरोपात दोन प्रसंगी ऐरणीवर आला. पश्चिम जर्मनीत जनगणनेतील माहिती रहिवासी-नोंदवह्यांशी ताडून त्या दुरुस्त करण्याची तरतूद तेथील घटना न्यायालयाने १५ डिसेंबर १९८३ च्या निकालाने रद्द केली. सांख्यिकीसाठी दिलेली माहिती प्रशासनाने व्यक्तीविरुद्ध वापरता कामा नये, हे तत्त्व त्यातून रूढ झाले आणि रखडलेली जनगणना १९८७ मध्ये पार पडली. दुसरा प्रसंग स्वीडनचा. १९५३ मध्ये जन्मलेल्या व १९६३ मध्ये स्टॉकहोम परिसरात राहणाऱ्या १५,११७ मुलांचा नोंदवह्यांद्वारे चाललेला अभ्यास १९८६ मध्ये वृत्तपत्रांत गाजला आणि ओळखक्रमांक नष्ट करून तो निनावी करण्यात आला. सुमारे दोन दशकांनंतर, जनगणनेतील व अन्य समान तपशिलांच्या आधारे, त्यांतील बहुतेक नोंदी नव्या निनावी आधारसामग्रीशी पुन्हा जुळवता आल्या. संशोधनाला त्याचा लाभ झाला. नाव पुसले की माणूस निनावी होतो ही समजूत मात्र त्यातून खोटी ठरली.

भारतात जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ नुसार व्यक्तिगत अनुसूची (गणनेत भरलेले तक्ते) कोणालाही पाहता येत नाहीत व पुरावा म्हणून सादर करता येत नाहीत. म्हणून येथील जोडणी व्यक्तीऐवजी गावाच्या पातळीवर होते. २०११ च्या जनगणनेत गावांना सहा अंकी संकेतांक देण्यात आले. त्यांच्या आधारे आर्थिक गणना, रस्ते, उपग्रहीय प्रतिमा असे साहित्य गावाशी जोडता येते. सॅम ॲशर, पॉल नोव्होसाद व सहकाऱ्यांनी तयार केलेली ‘श्रग’ ही सुमारे पाच लाख गावांची आधारसामग्री हे या प्रकारातील एक विस्तृत उदाहरण होय. गावांची नावे जुळवण्यासाठी रोमन लिप्यंतरातील नेहमीच्या फरकांना सौम्यपणे मोजणारी आज्ञावली याच अभ्यासकांनी लिहिली आणि तिला ‘मसाला-मर्ज’ असे नाव दिले. गावाहून वरच्या पातळीवर सीमाबदल आड येतात : देशातील जिल्हे १९९१ मध्ये ४६६, २००१ मध्ये ५९३ व २०११ मध्ये ६४० होते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या जनगणनेनंतर दोनच महिन्यांनी, अस्तित्वात आला आणि त्यात औरंगाबादच्या भागाबरोबर परभणीतील परतूरही आले. त्यामुळे १९८१ व १९९१ ची तुलना करताना तालुके सुटे करून पुन्हा मांडावे लागतात.

२०११ ची सामाजिक, आर्थिक व जात गणना जनगणना अधिनियमाबाहेर घेतली गेली, म्हणून तिच्यातील कुटुंबवार माहिती कल्याणकारी योजनांचे लाभार्थी ठरवण्यासाठी वापरता आली. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने राष्ट्रीय पातळीवर जन्म-मृत्यूंची एकत्र आधारसामग्री ठेवण्याची आणि ती लोकसंख्या नोंदवही, मतदारयाद्या इत्यादी सांभाळणाऱ्या यंत्रणांना उपलब्ध करून देण्याची तरतूद झाली आहे. जनगणनेच्या व्यक्तिगत अनुसूचींवरील कलम १५ चे बंधन या दुरुस्तीने बदललेले नाही.