विद्यापीठातील चॅप्लेन आणि समुपदेशक

आदल्या दिवशी ज्यांच्यासमोर बसून एखादी विद्यार्थिनी मनसोक्त रडली, ते समुपदेशक दुसऱ्या दिवशी आवारात समोरून आले आणि ओळख न दाखवता निघून गेले, तर तिला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तो त्यांच्या व्यवसायाचा शिष्टाचार असतो. तिच्याबरोबर मैत्रिणी असतील, ‘हे कोण?’ असा प्रश्न निघेल आणि तिने कोणालाही न सांगितलेली गोष्ट उघडी पडेल, म्हणून तिने आधी नमस्कार केल्याशिवाय बरेच समुपदेशक स्वतःहून बोलत नाहीत, आणि हे ते पहिल्याच भेटीत सांगून ठेवतात. त्याच आवारात चॅप्लेन, म्हणजे विद्यापीठातल्या लोकांची आध्यात्मिक देखभाल करणारे धर्मसेवक, मात्र तिला हाक मारून थांबवतात, पेपर कसा गेला, आजीची तब्येत आता कशी आहे असे विचारतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, कारण ते ग्रंथपालांशी, सुरक्षारक्षकाशी आणि वाटेत भेटलेल्या अनोळखी प्राध्यापकाशीही तसेच बोलत असतात. दोघेही ऐकून घेणारे. तरी एकाने ओळख जपून ठेवावी आणि दुसऱ्याने ती उघडपणे दाखवावी, हा फरक स्वभावाचा नसून कामाचा आहे.

दोघांची गल्लत होते तीही उगाच नाही. अनेक विद्यापीठांत दोघांची नावे विद्यार्थी कल्याणाच्या एकाच माहितीपत्रकावर असतात, आणि दोन्ही कामांची मुळेही कुठे कुठे एकमेकांत गुंतलेली आहेत. व्यक्तिकेंद्रित समुपदेशनाचा पाया घालणारे कार्ल रॉजर्स मानसशास्त्राकडे वळण्यापूर्वी न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरी या धर्मसेवक घडवणाऱ्या संस्थेत शिकत होते. उलट बाजूने, 1920 मध्ये स्वतः मनोरुग्णालयात राहून आलेले धर्मसेवक अँटन बॉयसन यांनी 1925 मध्ये अमेरिकेतील वूस्टर येथील मनोरुग्णालयात ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये राहून शिकवायला सुरुवात केली, आणि आज चॅप्लेन होऊ पाहणाऱ्यांना दिले जाणारे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण त्याच वाटेने आले आहे. त्यामुळे चांगला चॅप्लेन समुपदेशकासारखा ऐकतो, हे खरेच आहे. तो समुपदेशक नसतो, हेही तितकेच खरे आहे.

‘चॅप्लेन’ हा शब्द एका झग्यावरून आला. चौथ्या शतकात संत मार्टिन यांनी थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून दिला, अशी कथा आहे. तो झगा पुढे फ्रँक लोकांच्या राजांनी पवित्र अवशेष म्हणून जपला, आणि लॅटिनमध्ये झग्याला ‘कापा’ म्हणत असल्याने तो सांभाळणाऱ्या धर्मगुरूंना ‘कापेल्लानी’ हे नाव पडले. चॅपेल हा शब्दही त्यातलाच. कॅथलिक धर्मविधीसंहितेच्या 564 व्या कलमानुसार एखाद्या विशिष्ट समूहाची आध्यात्मिक देखभाल ज्या धर्मगुरूकडे कायमस्वरूपी सोपवलेली असते तो चॅप्लेन. अँग्लिकन आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हे काम पाळक करतात. त्यांत स्त्रियाही असतात, आणि काही ठिकाणी दीक्षा न घेतलेल्या विश्वासणाऱ्यांनाही ते दिले जाते. गावातल्या मंडळीच्या पाळकाकडे बाप्तिस्म्यापासून दफनविधीपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या तीच कुटुंबे असतात. विद्यापीठातल्या चॅप्लेनची मंडळी मात्र दर तीन-चार वर्षांनी पूर्णपणे बदलते, आणि नाव पाठ होईस्तोवर ते मूल पदवी घेऊन निघून गेलेले असते.

चॅप्लेनचा दिवस सहसा प्रार्थनेने सुरू होतो. सकाळच्या उपासनेला कधी चार जण येतात, कधी एकही येत नाही. तरी त्या दिवसाची स्तोत्रे वाचली जातात. बायबलमधील स्तोत्रसंहितेचे 88 वे स्तोत्र आले की तेही वाचावेच लागते, आणि ते शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहते. दिलाशाचे एक वाक्यही त्यात नाही. माझ्या मते चॅप्लेनच्या कामाची खरी तयारी इथे होते, कारण दुपारी समोर बसलेल्या मुलाला घाईघाईने धीर देण्याची सवय अशा वाचनाने मोडते. मग आदल्या दिवशी भेटलेल्यांची नावे एकेक करून देवापुढे ठेवली जातात. पुष्कळ चॅप्लेन त्यासाठी छोटी वही ठेवतात. तिच्यात फक्त पहिले नाव किंवा आद्याक्षर असते, काय झाले ते नसते. समुपदेशकाची नोंद नेमकी उलटी असते: साधारण 50 मिनिटांचे सत्र संपल्यावर कशावर बोलणे झाले, धोका किती वाटतो आणि पुढच्या वेळी काय करायचे, हे लिहून कुलूपबंद ठेवणे ही त्यांची जबाबदारी असते, आणि अवघड प्रकरणांची चर्चा ते ठरावीक काळाने आपल्या ज्येष्ठ पर्यवेक्षकाशी करतात. समुपदेशनाची सत्रे ठरलेल्या उद्दिष्टाकडे जातात आणि एक दिवस थांबतात. ती थांबणे हेच यश. चॅप्लेनशी असलेले नाते असे संपवावे लागत नाही. ज्या मुलाने पहिल्या वर्षी देवाच्या नावाने बोटे मोडली, तोच पुढे लग्न लावायला या म्हणून निरोप पाठवतो. समुपदेशकाला मात्र अशा लग्नाचे निमंत्रण बहुधा नम्रपणे नाकारावे लागते.

गोपनीयतेच्या बाबतीत गैरसमज सर्वांत अधिक आहेत, आणि ते महागात पडू शकतात. 1969 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील एका विद्यार्थ्याने विद्यापीठाच्याच रुग्णालयातील मानसशास्त्रज्ञाला एका तरुणीला मारण्याचा आपला विचार सांगितला होता. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले. पण पोलिसांनी थोड्या चौकशीनंतर त्याला सोडून दिले, तरुणीला किंवा तिच्या घरच्यांना कोणीच सावध केले नाही, आणि पुढे तिचा खून झाला. टॅरासॉफ खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात 1976 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याच्या रक्षणासाठी वाजवी पावले उचलणे हे उपचार करणाऱ्याचे कर्तव्य आहे. तेव्हापासून ‘तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर मला गप्प राहता येणार नाही’ हे वाक्य समुपदेशनाच्या पहिल्या भेटीतला ठरलेला भाग बनत गेले.

याच्या उलट, चॅप्लेनला सांगितलेले काहीही कधीच बाहेर जात नाही, असे अनेक विद्यार्थी धरून चालतात. ते बरोबर नाही. संपूर्ण, अपवादरहित मौन लागू होते ते पापनिवेदनाच्या, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली देण्याच्या, संस्कारात. कॅथलिक संहितेचे 983 वे कलम त्याला अभंग म्हणते, आणि ते थेट मोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. अँग्लिकन परंपरेतही असा संस्कार आहे. परंतु चहा पिताना झालेले बोलणे म्हणजे पापनिवेदन नव्हे, आणि बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असा स्वतंत्र संस्कारच नाही. अशा बोलण्यातही चॅप्लेन विश्वास राखतातच, पण जिवाच्या धोक्यापुढे त्यांनाही विद्यापीठाचे नियम आणि तिथला कायदा पाळावा लागतो. ‘हे तुमच्यापाशीच राहील ना?’ असे विचारल्यावर जे चॅप्लेन लगेच हो म्हणून मोकळे होत नाहीत, ते आपले काम नीट जाणतात असे समजावे.

खरी कसोटी अपराधीपणाच्या भावनेत लागते. समजा, एक विद्यार्थी दर आठवड्याला त्याच पापाची कबुली द्यायला येतो, क्षमेचे शब्द ऐकून जातो आणि आपण नीट सांगितले नाही या शंकेने दोन दिवसांत पुन्हा दारात उभा राहतो. लॅटिनमध्ये अशा शंकेला टोकदार खड्याचे नाव आहे, आणि चपलेत शिरलेल्या खड्यासारखीच ती पावलोपावली टोचते. 1522 मध्ये स्पेनमधील मानरेसा येथे संत इग्नाशियस लोयोला याच छळाने आत्महत्येच्या विचारापर्यंत गेले होते. जुनी पापे पुन्हा सांगायची नाहीत, असे शेवटी त्यांनी स्वतःच ठरवले. आज अशा मुलाला अकराव्यांदा क्षमा ऐकवत बसणे म्हणजे त्याच्या विचारचक्राला खतपाणी घालणे होय. तो मंत्रचळाचा प्रकार असू शकतो, हे ओळखून त्याला समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवणे हेच चॅप्लेनचे धर्मकर्तव्य ठरते.

उलट दुसऱ्या एखाद्याचा अपराधीपणा खरा असतो. त्याने मित्राचा विश्वासघात केलेला असतो, त्यात मित्राचे वर्ष वाया गेलेले असते, आणि ती टोचणी केवळ कमी व्हावी असे त्याला वाटत नाही; त्याला क्षमा हवी असते. समुपदेशक त्याला स्वतःकडे नीट पाहायला, जमेल तिथे भरपाई करायला मदत करू शकतात, पण क्षमा जाहीर करणे त्यांच्या अखत्यारीत नाही आणि तसा आव आणणे हा व्यवसायाचा भंग ठरेल. आपली श्रद्धा किंवा अश्रद्धा दाराबाहेर ठेवून बसणे ही त्यांची शिस्त आहे. चॅप्लेनची श्रद्धा सगळ्यांना ठाऊक असते. ती समोरच्यावर लादायची नाही ही त्यांची शिस्त, आणि खरे सांगायचे तर ही दुसरी शिस्त पाळणे अधिक अवघड आहे.

श्रद्धा उघड असल्यामुळे चॅप्लेनला जाहीर भूमिकाही घेता येते. येल विद्यापीठात 1958 पासून चॅप्लेन असलेले विल्यम स्लोन कॉफिन यांना वर्णभेदाविरुद्धच्या बसयात्रेत 1961 मध्ये अटक झाली, आणि 1968 मध्ये व्हिएतनाम युद्धासाठीच्या सक्तीच्या भरतीला विरोध केल्यावरून त्यांच्यावर खटला चालला. समुपदेशकाने असे केले तर त्या भरतीच्या बाजूचा विद्यार्थी त्यांच्यापुढे मोकळेपणाने बसेल का, हा रास्त प्रश्न आहे. तो चॅप्लेनलाही लागू होतो, आणि कॉफिन यांच्यावर माजी विद्यार्थ्यांतून झालेली टीका तेच दाखवते. (ओघात एक गोष्ट: चॅप्लेन हा शब्द आता ख्रिस्ती माणसापुरता राहिलेला नाही. 2021 मध्ये हार्वर्डच्या चॅप्लेन मंडळींनी आपल्या संघटनेच्या अध्यक्षपदी ग्रेग एप्स्टाइन या मानवतावादी, निरीश्वरवादी चॅप्लेनची निवड केली.)

कोणाकडे आधी जावे, याचे उत्तर वरच्या सगळ्यातून निघते. झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, छातीत धडधड होत असेल किंवा जगू नये असे वाटत असेल, तर आधी समुपदेशक किंवा डॉक्टर. आई गेल्यावर प्रार्थना करवत नाही, विश्वास उरलाय की नाही हेच कळत नाही, किंवा हातून घडलेल्या गोष्टीची क्षमा हवी आहे, तर चॅप्लेन. पण अडचणीत सापडलेला माणूस अशी विभागणी करून दार निवडत नाही. ज्याचा दिवा चालू दिसेल तिकडे तो जातो, आणि रात्री उशिरा तो दिवा बहुधा चॅप्लेनकडे असतो. अशा वेळी जाणते चॅप्लेन पत्ता लिहिलेला कागद हातात ठेवून त्याला निरोप देत नाहीत. विद्यापीठाच्या तातडीच्या सेवेला ते त्याच्यासमोरच फोन लावतात, रात्र एकट्याने काढावी लागणार नाही अशी सोय करतात, सकाळी त्याच्याबरोबर चालत समुपदेशन केंद्रापर्यंत जातात आणि त्याचे नाव पुकारले गेले की बाहेरच्या बाकावर बसून राहतात.